'बेनितो सेरेनो' : गुलामांच्या जहाजावरील एक बेमालूम सोंग

समुद्रावरील साहसकथा म्हटली की वादळ, बंड, चकमक आणि अखेरीस सुटका हा साचा ठरलेला. हर्मन मेल्व्हिलची 'बेनितो सेरेनो' ही लघुकादंबरी १८५५ साली एका अमेरिकी मासिकातून तीन हप्त्यांत प्रसिद्ध झाली. वरवर पाहता तीही याच साच्यातली. मात्र तिचा पाया एका खऱ्या घटनेत आहे, आणि आजचा धागा त्या घटनेविषयी आहे.

डिसेंबर १८०४. 'ट्रायल' हे स्पॅनिश जहाज चिलीच्या वालपराइझो बंदरातून पेरूकडे निघाले. त्यावर सत्तरच्या आसपास आफ्रिकी गुलाम होते. 'ही माणसे निरुपद्रवी आहेत' अशी मालक आरांदाची खात्री असल्याने त्यांना बेड्या घातलेल्या नव्हत्या. ती डेकवरच झोपत. एका पहाटे त्यांनी जहाज ताब्यात घेतले. अनेक खलाशी मारले गेले, पुढे आरांदाही. कप्तान सेरेनो तेवढा वाचला, कारण जहाज सेनेगलला नेण्यासाठी त्याची गरज होती.

फेब्रुवारी १८०५ मध्ये चिलीजवळच्या सांता मारिया बेटापाशी अमासा डेलानो हा अमेरिकी कप्तान मदतीसाठी या जहाजावर चढला. तेव्हा बंडखोरांनी जे केले त्याला इतिहासात क्वचितच तोड सापडेल. ते पुन्हा गुलाम 'झाले'. बंडाचा म्होरक्या बाबो याचा मुलगा मोरी सेरेनोचा इमानी नोकर बनून सावलीसारखा त्याच्या शेजारी उभा राहिला. डेलानो तासन्‌तास जहाजावर होता. त्याला काहीही उमगले नाही. तो परत निघाला तेव्हा सेरेनोने त्याच्या होडीत उडी घेतली आणि सोंग फुटले. मग लुटीतल्या वाट्याचे आमिष दाखवून डेलानोने आपली माणसे 'ट्रायल'वर सोडली.

डेलानोने १८१७ साली ही हकिकत न्यायालयीन जबान्यांसह छापली. मेल्व्हिलने ती उचलली, पण जहाजाचे नाव 'सान डोमिनिक' केले आणि साल १७९९. हैतीतील गुलामांचा उठाव तेव्हा पेटलेला होता आणि त्या वसाहतीचे नाव होते सां-दोमिंग. हा योगायोग असेल असे मला वाटत नाही.

बहुतेक कथा डेलानोच्या नजरेतून उलगडते. हा गृहस्थ दुष्ट नाही, उलट दयाळू आहे. आफ्रिकी माणूस स्वभावतःच सेवाभावी असतो अशी त्याची समजूत आहे, आणि तीच त्याला आंधळे करते. बाबो कप्तानाची दाढी करतो, वस्तरा गळ्याशी आहे, तरी डेलानोला दिसते ती स्वामिभक्ती! पहिल्या वाचनात वाचकही त्याच्याइतकाच फसतो.

मेल्व्हिलने बाबो आणि मोरी यांचे एकच पात्र केले. खरा बाबो चकमकीत मारला गेला. कादंबरीतला पकडला जातो आणि त्यानंतर एक शब्दही न बोलता फासावर जातो. पुढे येते ती सेरेनोची लांबलचक जबानी. दप्तरखान्यात काम करणाऱ्याला ही रचना ओळखीची वाटावी : कागद मालकाचा, जबानी कप्तानाची, शिक्का न्यायालयाचा.

तरीही खऱ्या जबानीत एक नोंद निसटून आली आहे. बंडानंतर जहाजावर एक करारपत्र तयार झाले : सेरेनोने सर्वांना सेनेगलला न्यावे, त्यांनी आणखी कोणाला मारू नये आणि जहाज मालासह परत करावे. त्यावर सेरेनोने सही केली, लिहिता येणाऱ्या खलाशांनी केली, आणि बाबो व अतुफाल यांनीही केली, त्यांच्या स्वतःच्या भाषेत.