आधुनिक ड्रुइड परंपरा : प्राचीनतेचा दावा आणि प्रत्यक्ष आचरण

लोहयुगीन गॉल व ब्रिटनमधील ड्रुइड या पुरोहितवर्गाने स्वतःविषयी लिहिलेला एकही शब्द आज उपलब्ध नाही. सीझरप्रभृती रोमन व ग्रीक लेखकांच्या नोंदी हाच त्यांच्याविषयीच्या माहितीचा मुख्य आधार होय. साहजिकच अठराव्या शतकापासून ज्यांनी स्वतःस ड्रुइड म्हणवून घेतले, त्यांना हा वारसा लाभला नव्हता. तो त्यांनी रचला. विल्यम स्ट्यूकली यांनी १७४० मध्ये स्टोनहेंज हे ड्रुइडांचे मंदिर ठरविले. वस्तुतः तेथील प्रचंड शिळा ड्रुइडांच्या ज्ञात काळाच्या सुमारे दोन हजार वर्षे आधीच्या आहेत. योलो मॉर्गनुग या नावाने प्रसिद्ध असलेल्या एडवर्ड विल्यम्स यांनी १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोज टेकडीवर वेल्श कवींचा विधिपूर्वक मेळा भरविला. तो प्राचीन असल्याचे दाखविणारी त्यांची साधने बनावट होती, हे विसाव्या शतकातील संशोधनाने सिद्ध केले.

अनेक अभ्यासक येथेच हा विषय संपवितात. परंतु या नावाखाली माणसांनी प्रत्यक्षात काय केले, हा प्रश्न उत्पत्तीच्या प्रश्नाइतकाच ऐतिहासिक आहे. लंडनमध्ये १७८१ साली स्थापन झालेल्या ड्रुइड मंडळातून १८३३ मध्ये एक मोठा गट फुटला. सभासदांना परस्पर अर्थसाहाय्य द्यावे की नाही, हे त्या वादाचे मूळ होते.

विल्यम प्राइस यांचे उदाहरण याहून बोलके आहे. वेल्समधील लँट्रिसंट येथील हे वैद्य स्वतःस ड्रुइड मानीत. जानेवारी १८८४ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी आपल्या मृत तान्ह्या मुलास टेकडीवर अग्नी दिला. प्रार्थनामंदिरातून परतणारा जमाव खवळला. पोलिसांनी अर्धवट जळालेला देह ताब्यात घेऊन प्राइस यांना अटक केली. कार्डिफ येथील खटल्यात न्यायमूर्ती जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी, सार्वजनिक उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा ठरत नाही, असा निर्वाळा दिला. (१८७२ चा भारतीय पुरावा अधिनियम घडविणारे स्टीफन ते हेच.) पुढील वर्षी वोकिंग येथील दाहगृहात पहिले दहन झाले व १९०२ मध्ये दहनाचा कायदा संमत झाला. प्राइस यांची ड्रुइडविद्या बव्हंशी कल्पित होती. तिच्या आधारे त्यांनी मिळविलेला हक्क मात्र कल्पित नव्हता.

विसाव्या शतकात या परंपरेचे केंद्र घराकडे व लहान समूहाकडे सरकले. अमेरिकेतील कार्लटन महाविद्यालयात १९६३ मध्ये धार्मिक उपासनेच्या सक्तीच्या हजेरीला उत्तर म्हणून काही विद्यार्थ्यांनी अर्धवट विनोदाने ड्रुइड पंथ काढला. १९६४ मध्ये सक्ती गेली. पंथ मात्र राहिला, कारण झाडांखाली एकत्र बसणे त्यातील काहींना खरोखरच भावले होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉस निकल्स यांनी नवा संघ स्थापन केला. दोन अयनदिन, दोन संपातदिन व त्यांच्या मधले चार ऋतूत्सव असे आठ सण त्याच्या वर्षचक्रात येतात. १९८८ पासून फिलिप कार-गॉम यांच्या नेतृत्वाखाली या संघाने टपालाद्वारे शिक्षण देण्यास आरंभ केला. त्यामुळे पुरोहित वा मंदिर यांवाचून, आपल्या परसातील वृक्षाशी व ऋतूंशी नाते राखणारा एकटा साधकही ड्रुइड ठरू लागला. जवळपासचे साधक 'राई' या अर्थाच्या नावाने लहान गट करून सण साजरे करू लागले.

२०१० या एकाच वर्षी या परंपरेच्या दोन दाव्यांचे निकाल लागले. एव्हबरी येथील संग्रहालयातील प्रागैतिहासिक मानवी अवशेषांचे पुन्हा दफन करावे, ही काही ड्रुइडांची मागणी इंग्लिश हेरिटेज व नॅशनल ट्रस्ट यांनी फेटाळली. ते अवशेष अभ्यासासाठी राखून ठेवण्यात आले. तर इंग्लंड व वेल्सच्या धर्मादाय आयोगाने 'द ड्रुइड नेटवर्क' या संस्थेस धार्मिक कार्य करणारी संस्था म्हणून मान्यता दिली. ती देताना आयोगाने पाहिले ते निसर्गातील पवित्र तत्त्वाची उपासना व तिचा लोकहित. स्टोनहेंजशी असलेले नाते सिद्ध करण्याची त्या संस्थेला गरज पडली नाही.