आभासी संगणक, खरा परवाना

विंडोज बसवली की ती 'सक्रिय' करून घ्यावी लागते, हे मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विंडोज एक्सपी बाजारात आणल्यापासून घरोघरी ठाऊक झाले. एक्सपी संगणकातील प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड आदी दहा घटकांवरून एक खूण तयार करी आणि ती परवान्याच्या क्रमांकाशी जोडून कंपनीकडे पाठवी. तीस दिवसांत हे न झाल्यास संगणकात प्रवेशच बंद होई. एक यंत्र, एक परवाना, असा हा सरळ हिशेब होता.

आभासी यंत्रांनी तो विस्कटला. आभासी यंत्र म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. त्याची हार्ड डिस्क ही केवळ एक फाइल, नेटवर्क कार्डाचा क्रमांकही सॉफ्टवेअरनेच दिलेला. त्याच्या हव्या तितक्या प्रती निघतात. आज एका सर्व्हरवर असलेले यंत्र उद्या दुसऱ्यावर चालू लागते. सुट्या भागांवरून ओळख पटवायची, तर येथे सुटे भागच नाहीत!

मोठ्या कार्यालयांसाठी व्हिस्टाच्या काळात 'की मॅनेजमेंट सर्व्हिस' अर्थात केएमएस आली. कार्यालयातील एक सर्व्हर इतर यंत्रांना १८० दिवसांपुरते सक्रिय करतो आणि यंत्रे दर सात दिवसांनी ही मुदत वाढवून घेऊ पाहतात. मात्र किमान २५ संगणक किंवा ५ सर्व्हर यांची नोंद झाल्याशिवाय हे काम सुरू होत नाही. गंमत अशी, की प्रारंभी या शिरगणतीत आभासी यंत्रे धरलीच जात नसत. २००९ मध्ये विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ आल्यावर त्यांना हा मान मिळाला. तरीही एकाच यंत्राच्या पन्नास प्रती 'सिसप्रेप' न चालवता काढल्या, तर सर्वांची ओळख-संख्या एकच राहते आणि गणती एकावरच अडते.

पुण्यात हा प्रश्न आणखी एका वाटेने येतो. सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अ‍ॅझ्युर या क्लाउड सेवेची भारतातील तीन क्षेत्रे सुरू केली. त्यांतील 'सेंट्रल इंडिया' पुण्यात आहे (पुणे मध्य भारतात कसे, हे कंपनीच जाणे), उरलेली दोन मुंबई आणि चेन्नई येथे. अ‍ॅझ्युरमध्ये भाड्याने घेतलेले विंडोज यंत्र अ‍ॅझ्युरचाच केएमएस सर्व्हर १६८८ क्रमांकाच्या पोर्टवरून सक्रिय करतो. अट अशी, की विनंती अ‍ॅझ्युरच्याच सार्वजनिक आयपी पत्त्यावरून यावी. काही कंपन्या सुरक्षिततेसाठी क्लाउडमधील सारी वाहतूक आधी आपल्या कार्यालयातील फायरवॉलकडे वळवतात. मग विनंती कार्यालयाच्या पत्त्यावरून निघते आणि नाकारली जाते. भाडे भरलेले, यंत्रही चालू, पण पडद्यावर प्रणाली सक्रिय नसल्याची सूचना! अशा वेळी नवा परवाना घेण्याची घाई करू नये. केएमएस सर्व्हरच्या पत्त्यांकडे जाणारी वाहतूक तेवढी थेट बाहेर सोडणारा मार्ग नेटवर्कमध्ये घातला, की काम होते.

स्वतःचे सर्व्हर असणाऱ्यांसाठी सर्व्हर २०१२ आर२ पासून वेगळी सोय आहे. डेटासेंटर आवृत्तीचा, स्वतः सक्रिय झालेला हायपर-व्ही सर्व्हर आपल्या पोटातील विंडोज सर्व्हर यंत्रांना इंटरनेटविना सक्रिय करतो.

परंतु सक्रियता आणि परवाना या दोन भिन्न गोष्टी आहेत. सर्व्हरच्या सर्व कोअरचा स्टँडर्ड परवाना घेतल्यास त्यावर दोन आभासी विंडोज सर्व्हर चालवता येतात, डेटासेंटरमध्ये कितीही. तिसरे यंत्र स्टँडर्डवर तांत्रिकदृष्ट्या सक्रिय होईलही, पण त्याने ते अधिकृत ठरत नाही. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या बनावट केएमएसचेही तसेच. शिवाय त्यांतून अनेकदा घातक सॉफ्टवेअर शिरते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३-बी नुसार अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कैद माफ करू शकते. कार्यालयांना ही सवलत मिळणे कठीण.