साधं का पावर?

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. नवी गाडी घेऊन पहिल्यांदाच पुण्याहून गावाकडे निघालो होतो. गाडीत अण्णा, आई आणि माझी चुलती, जिला आम्ही मोठी आई म्हणतो. बीडच्या अलीकडे पंपावर थांबलो. पंपावरच्या पोराने नोझल हातात धरूनच विचारलं, "भाऊ, साधं का पावर?"

मी इंजिनिअर आहे. सॉफ्टवेअरचा असलो तरी घरच्यांसाठी इंजिनिअर तो इंजिनिअर. अण्णा म्हणाले, "नवी गाडी आहे, चांगलं टाक." लिटरमागे सात-आठ रुपयांचा फरक होता. चांगलं म्हणजे नेमकं काय, हे मला सांगता येईना. मागे रांग लागली होती. मी पावर टाकलं.

'पावर' हे खरं तर एका कंपनीचं ब्रँडनाव. पण आपल्याकडे टूथपेस्टला कोलगेट म्हणतात तसं कुठलंही महाग पेट्रोल पावरच असतं. दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्या घरात आलाच नसता. बीडकडे मोठी गाडी म्हणजे डिझेल, हे ठरलेलं होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, पेट्रोलमधला आणि त्यातला फरक आटत गेला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा नियम आले आणि लहान डिझेल इंजिनं महाग पडायला लागली. घरची एसयूव्ही पेट्रोलवर आली, आणि तिच्यासोबत हा प्रश्नही.

हा आकडा कशाचा?

पेट्रोल इंजिनात पिस्टन हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो, मग स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. आग ठिणगीपासून पसरत जायला हवी. पण दाब आणि उष्णता जास्त झाली की कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ठिणगीची वाट न बघता आपलं आपणच पेटतं. मांजरसुंब्याचा घाट वरच्या गिअरमध्ये चढवायला गेलं की जुन्या गाडीतून टकटक आवाज यायचा, तो हाच. याला नॉकिंग म्हणतात. ते फार झालं तर पिस्टनची वाट लागते.

पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही, हे मोजायला १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एक पट्टी सुचवली. आयसोऑक्टेन हे द्रव सहजी नॉक होत नाही, त्याला १०० गुण. हेप्टेन लगेच होतं, त्याला शून्य. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे चाचणीच्या इंजिनात ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागणारं पेट्रोल.

या आकड्यात ताकद मोजलेली नाही, शुद्धताही नाही. ज्या इंजिनाची रचना ९१ साठी झाली आहे त्यात ९५ टाकून फारसं काही पदरात पडत नाही. उलट काही टर्बो इंजिनं जास्त दाबावर चालतात. मॅन्युअलमध्ये ९५ लिहिलेलं असताना त्यात कमी ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं, तर नॉक सेन्सर ते ओळखतो, कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे ढकलतो. गाडी वाचते, पण जोर आणि मायलेज कमी होतं. म्हणजे चांगलं पेट्रोल कुठलं, हे पंप ठरवत नाही. गाडीचं इंजिन ठरवतं.

मग प्रश्न उरतो तो वेगळाच. पेट्रोलचा ऑक्टेन वाढवतात तरी कसा? इथून खरी गोष्ट सुरू होते.

शिसं

९ डिसेंबर १९२१. अमेरिकेत डेटन शहरात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली या इंजिनिअरने पेट्रोलमध्ये थोडंसं टेट्राएथिल लेड टाकलं आणि नॉकिंग थांबलं. हा शिशाचा संयुग पदार्थ. तो अगदी थोडासाच लागत होता.

अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबतं, हे मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांना ठाऊक होतं. पण अल्कोहोल खूप लागतं आणि ते कोणीही शेतमालापासून गाळू शकतं. शिसं चिमूटभर पुरतं आणि त्याचं पेटंट घेता येतं. कंपन्यांनी शिसं निवडलं. बाजारात नाव ठेवलं 'एथिल'. त्या नावात शिशाचा उल्लेखही नव्हता.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भ्रम व्हायला लागले. पाच जण दगावले. त्यानंतर मिजलीने पत्रकारांसमोर त्याच रसायनाने हात धुतले, त्याचा वास घेतला आणि काही होत नाही असं दाखवलं. खरं तर त्याआधीच त्याला स्वतःला शिशाची बाधा होऊन सुट्टी घ्यावी लागली होती. पुढची अनेक दशकं जगभरच्या गाड्या हवेत शिसं सोडत राहिल्या. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो हे सिद्ध व्हायला आणि ते ऐकून घ्यायला फार वर्षं गेली.

भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. देशभर ते सक्तीचं झालं १ फेब्रुवारी २००० पासून. आज तिशीत असलेल्या आपल्या पिढीने लहानपणी शिशाचा धूर घेतला आहे.

नावं आणि आकडे

२००२ च्या सुमारास सरकारी तेल कंपन्यांनी स्पीड, पॉवर, एक्स्ट्राप्रीमियम अशी नावं आणली. त्यात मुख्यतः इंजिनात काजळी साचू नये म्हणून घातलेली रसायनं होती. ऑक्टेन साध्याएवढाच असायचा. ९५ च्या वरचे आकडे नंतर रुळले. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल दहा शहरांत आणलं, त्यात मुंबई आणि पुणे होतं.

दरम्यान साधं पेट्रोलही बदलत होतं. आधी ८८ असलेला साध्याचा ऑक्टेन ९१ झाला. आणि आता २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाने, म्हणजे ई-२० ने, तो ९५ वर नेला आहे. काही वर्षांपूर्वी ज्या आकड्यासाठी आपण जादा पैसे मोजत होतो, तो साध्या नोझलमध्ये येऊन बसलाय. इथेनॉल म्हणजे १९२१ मध्ये बाजूला सारलेलं तेच अल्कोहोल.

ऊस

पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायचा विचार आपल्याकडे जुना आहे. १९४८ मध्येच 'इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट' झाला होता. तो २००० मध्ये रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा प्रयोग सुरू झाले. तीन ठिकाणं निवडली, त्यातली दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाड. २००३ मध्ये नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण आलं. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्के गाठले, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० पंपावर आलं आणि २०२५ मध्ये ते सगळीकडे पोचलं.

मायलेजची तक्रार तेव्हाच सुरू झाली आणि ती पूर्ण खोटी नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं, की ई-२० साठी जुळवलेल्या कारमध्ये मायलेज १-२ टक्के घटेल, तर बिनइथेनॉलच्या काळात बनलेल्या कारमध्ये ६-७ टक्के. आणि प्रीमियम म्हणजे इथेनॉलमुक्त असंही गृहीत धरू नका. ९५ ऑक्टेनच्या प्रीमियममध्येही इथेनॉल असतं.

सुरुवातीची बरीच वर्षं हे इथेनॉल उसाच्या मळीपासून, मग उसाच्या रसापासून आलं. आता मक्याचा वाटा मोठा झालाय. पण महाराष्ट्रात इथेनॉल म्हटलं की कारखाना, आणि कारखाना म्हटलं की बीडचा कोयता.

कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आसपास निघायचं, सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा थेट कर्नाटक. फडाशेजारी कोपी घालायची, पहाटे अंधारात तोडायला लागायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. एक दिवस चुकला की खाडा. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. इथेनॉल हे शिशासारखं विष नाही. पण हा आकडा वाचताना मला बेवेचे ते पाच कामगार आठवले. पंपावर जो आकडा आपण गुण म्हणून विकत घेतो, त्याची झीज दुसऱ्याच कुणाच्या तरी शरीरावर होते.

हिशेब

मी एक साधा हिशेब मांडला. ४० लिटरची टाकी, त्यात ई-२० म्हणजे ८ लिटर इथेनॉल. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघतं. सगळं इथेनॉल रसापासूनचं धरलं तर एका टाकीसाठी साधारण ११५ किलो ऊस लागतो. रसाच्या इथेनॉलला कारखान्याला लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे हा दर ठरलेला होता, म्हणजे आठ लिटरचे सव्वापाचशे रुपये. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. या दराने ११५ किलो तोडायचे झाले ४२ रुपये. दोघांत.

त्या दिवशी मी पावरसाठी जादा मोजले ते जवळजवळ तीनशे.

मोठी आई चौदा हंगाम तोडायला जात होती. मी तिला हिशेब सांगितला. तिला रुपयांचं काही वाटलं नाही, ते तिला आधीच पाठ होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे आमचा ऊस तुमच्या गाडीत बी जळतो." मग थोडं थांबून तिनेच दुरुस्त केलं, "आमचा कुठला. आम्ही तोडणारे."

घरी आल्यावर मी मॅन्युअल उघडलं. आमच्या गाडीला ९१ पुरतं, ई-२० चालतं असंही लिहिलेलं होतं. तुमची गाडी टर्बो असेल तर मॅन्युअल किंवा टाकीच्या झाकणाच्या आतली बाजू एकदा बघा. तिथे ९५ असेल आणि गाडी ई-२० ची असेल, तरी साधं चालायला हरकत नाही. गाडी जुनी असेल, तर प्रीमियमने ती ई-२० ची होत नाही. रबरी नळ्या आणि सील यांची काळजी वेगळी घ्यावी लागते.

परतीच्या वाटेवर त्याच पंपावर थांबलो. समोरून ट्रॅक्टर चालले होते, मागच्या ट्रॉलीत भांडी, पेट्या, शेळ्या आणि त्यांच्यावर बसलेली पोरं. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. पोराने तेच विचारलं.

"साधं," अण्णाच म्हणाले.