चिमट्यानंतरचे दिवस

मेंदूतल्या धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथली भिंत कधी कधी कमजोर होऊन फुगते. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो, तसेच हे. डॉक्टर त्याला अॅन्युरिझम म्हणतात. पुष्कळ फुगे जन्मभर गप्प राहतात; पण एखादा फुटला, की क्षणात असह्य डोकेदुखी सुरू होते आणि जिवावर बेतते.

पूर्वी अशा रुग्णाला अंधाऱ्या खोलीत निजवून वाट पाहण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. १९२७ मध्ये लिस्बनच्या एगाश मोनिश यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर दिसतील अशी युक्ती शोधली. १९३१ मध्ये एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनी फुटलेल्या फुग्यावर रुग्णाच्याच मांडीतला स्नायू गुंडाळून रक्त थांबवले. २३ मार्च १९३७ रोजी बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. डोळ्याच्या मज्जातंतूवर दाब आणणाऱ्या एका फुग्याच्या मानेवर त्यांनी चांदीचा चिमटा बसवला. धमनी वाहती राहिली, फुगा बंद झाला.

लढाई जिंकली, असे वाटावे. पण चिमटा नीट बसूनही काही रुग्ण आठवड्याभरात अर्धांगाने लुळे पडत. सांडलेल्या रक्तामुळे धमन्या आकसतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो, हे १९५१ नंतर एक्स-रेवरून स्पष्ट होत गेले. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत हा धोका असतो. म्हणून शल्यविशारद थांबू लागले. तर थांबलेल्या काळात फुगा पुन्हा फुटे! इकडे आड, तिकडे विहीर.

वाट निघाली ती हळूहळू. १९६० च्या दशकाच्या अखेरीस झुरिकच्या गाझी याशारगिल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ही शस्त्रक्रिया रुळवली. १९८९ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत निमोडिपिन या औषधाने मेंदूची हानी कमी होते असे दिसले. मग लवकर शस्त्रक्रिया करून पुढचे दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून जपायचे, अशी रीत पडली.

१९९० मध्ये ग्वीडो गुल्येल्मी यांनी लॉस एंजलिसमध्ये कवटी न उघडता, जांघेतल्या धमनीतून प्लॅटिनमची तार नेऊन फुगा आतून भरला. २००२ मध्ये २,१४३ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष आला: वर्षभरानंतर मृत्यू पावलेले वा परावलंबी झालेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात शंभरात सुमारे ३१, तर तारेच्या गटात २४. मात्र तारेनंतर पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण थोडे अधिक होते आणि हे रुग्ण दोन्ही उपचारांना योग्य असे निवडलेले होते. म्हणून चिमटा आजही निवृत्त झालेला नाही.

या आकड्यांत एक मोठा बदल दडलेला आहे. पूर्वीचा प्रश्न होता, रुग्ण वाचला का? आता विचारतात, तो स्वतःच्या हाताने जेवतो का, कामावर परतला का? घरी परतलेल्यांनाही विसराळूपणा आणि थकवा छळतो, हेही आता मोजले जाते.

तेव्हा आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी अचानक उठली, तर बाम चोळत बसू नये. लगेच रुग्णालय गाठावे.