प्रबंधातील उसना मजकूर
प्रबंधात दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे घेतल्यास ते अवतरणचिन्हांत देऊन लेखक, प्रकाशनवर्ष व पृष्ठक्रमांक नोंदवावा लागतो. शब्द बदलून केवळ विचार घेतला, तरी श्रेयनिर्देश टळत नाही. नेमकी येथेच अनेकांची गफलत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत तो वर्षभर सादरच करता येत नाही आणि त्याहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणी रद्द होते. रीतसर श्रेय दिलेली अवतरणे व संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. पृष्ठक्रमांक मात्र टिपण काढतानाच लिहावा; ग्रंथालयात तेच पुस्तक पुन्हा हाती लागेलच असे नाही.