ज्याला माहीत आहे, त्यालाच दंड

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ बहुतेकांना ठाऊक असतं: दारू पिऊन गाडी चालवणं. त्याच्या लगेच पुढचं कलम १८६ मात्र क्वचितच कोणी वाचतं. त्याचं शीर्षक आहे ‘मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अयोग्य असताना वाहन चालवणे’. गंमत म्हणजे ‘मानसिक’ हा शब्द शीर्षकातच भेटतो. खाली कलमात तो नाही. तिथे फक्त ‘रोग किंवा अपंगत्व’ आहे, आणि एक अट आहे: लोकांना धोका ठरेल असा आजार आपल्याला आहे, हे चालकाला स्वतःला माहीत असलं पाहिजे. माहीत असून गाडी चालवली तर पहिल्या खेपेला २०० रुपये दंड, पुढच्या खेपेला ५००. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेच आकडे १,००० आणि २,००० झाले.

रक्कम किरकोळ आहे. ती अट मात्र किरकोळ नाही. कायदा लिहिणाऱ्यांचा विचार सरळ होता: ज्याला माहीतच नाही त्याला शिक्षा कशी करायची? पण ट्रक ड्रायव्हरच्या जागी बसून वाचलं की तेच वाक्य उलटं ऐकू येतं. डॉक्टरकडे गेलास, चिठ्ठीवर आजाराचं नाव आलं, तर तुला ‘माहीत’ झालं. गेलाच नाहीस, तर तू मोकळा. म्हणजे गोळ्या घेऊन सावरलेला माणूस संशयित, आणि चार रात्री न झोपता स्वतःशी बडबडत गाडी हाणणारा कागदोपत्री निर्दोष.

हे कलम आजचं नाही. इंग्रजांच्या काळातल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातून ते १९८८ च्या कायद्यात जवळजवळ जसंच्या तसं उतरलं. दरम्यान मनाच्या आजारांबद्दलचं वैद्यकशास्त्र पार बदलून गेलं होतं.

लायसनच्या अर्जाकडेही एकदा बघा. प्रकृतीबद्दल स्वतःच भरून द्यायचा फॉर्म १ असतो. त्यात फेफरं येतं का, अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का, हे स्पष्ट विचारलेलं आहे. डोळे, हातपाय, रातांधळेपणा, बहिरेपणा, सगळं आहे. शेवटी ‘लोकांना धोका होईल असा आणखी कुठला आजार’ असा एक मोघम प्रश्न. नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया यांतलं एकही नाव नाही. ट्रकसाठी डॉक्टरचा दाखलाही लागतो, पण त्याचं बहुतेक लक्ष नजर, कान आणि हातपाय यांवर. झोप लागते का, असं कोणी विचारत नाही.

मग ड्रायव्हरच्या मनाशी सरकारचा संबंध कुठे आला? पोलीस ठाण्यात. १९१२ च्या इंडियन लुनसी अ‍ॅक्टनुसार आपल्या हद्दीत ‘मोकाट भटकणारा’ आणि वेडा वाटणारा माणूस पोलीस अधिकाऱ्याला पकडता येत असे. मग मॅजिस्ट्रेट, मग वेड्यांचं इस्पितळ. आता कल्पना करा, बीडकडचा एखादा ड्रायव्हर माल घेऊन आसामच्या वाटेवर आहे आणि बिहारमध्ये कुठेतरी त्याला उन्मादाचा झटका आला. गाडी रस्त्याकडेला सोडून तो चालत सुटला. गावात असता तर भावकीने धरून घरी नेलं असतं. इथे भाषा परकी, माणसं परकी. ज्याचा धंदाच घरापासून लांब फिरण्याचा, त्याच्यासाठी हा ‘मोकाट’ शब्द किती सहज बसतो बघा. हा कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रद्द केला, पण तो नवा कायदा लागू व्हायला १ एप्रिल १९९३ उजाडला. ऐंशी वर्षं जुना कायदा चालला. ‘येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला भरती करा’ हे आपण मराठीत आजही थट्टेने म्हणतो. ती थट्टा त्याच काळाची उरलेली आहे.

औषधं त्याआधीच आली होती. उन्मादावर लिथियम चालतं हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन केडने १९४९ मध्ये दाखवलं. १९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं आणि भिंतींआडची माणसं घरी जाऊ लागली, पुढे कामावरही. पण औषध आणि स्टिअरिंग यांचं जमणं सोपं नव्हतं. क्लोरप्रोमाझिनने गुंगी येते. लिथियमची गोष्ट आणखी अवघड. ते रक्तात ठरावीक प्रमाणातच असावं लागतं: कमी झालं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विषबाधा. अंगातलं पाणी कमी झालं की ते प्रमाण चढतं. मे महिन्यात विदर्भातून जाणारी केबिन आठवा. पायाखाली इंजिनाची धग, वरून ऊन, आणि वाटेत थांबावं लागू नये म्हणून मुद्दाम कमी प्यायलेलं पाणी. त्यात ढाब्यावरच्या जेवणाने जुलाब झाले, किंवा कंबर धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घेतलं, तरी लिथियम वाढतं. त्यासाठी अधूनमधून रक्त तपासावं लागतं. महिन्यातले बरेचसे दिवस परराज्यात काढणाऱ्याने ते कुठे तपासायचं? गोळी चुकते ती बेफिकिरीने, असं आपण पटकन म्हणून टाकतो. केबिनमध्ये ती टिकवणं हेच एक काम आहे.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. लिथियम घेणाऱ्यासाठी ती फक्त चैनीची सोय नाही.

आणि झोप. बायपोलरमध्ये सलग काही रात्रींचं जागरण उन्मादाला आमंत्रण देऊ शकतं. तेव्हा ड्रायव्हरसाठी मानसिक आरोग्याचा खरा कायदा म्हणजे कामाच्या तासांचा कायदा. तो होता. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. लांब पल्ल्याला १० आणि ५४ पर्यंत मुभा. फक्त तो लागू कुणाला? पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आपल्याकडे एकदोन गाड्यांचे मालक असंख्य. बापाने जमीन गहाण टाकून घेतलेली गाडी मुलगाच चालवतो, तिथे कामगार कोण आणि मालक कोण?

दुसरी एक तरतूद अधिक कामाची होती. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे नॅशनल परमिटच्या गाडीवर किमान दोन ड्रायव्हर हवेत, आणि एक चालवत असताना दुसऱ्याला आडवं होऊन झोपता येईल एवढी जागा हवी. पाळली किती गेली, हा वेगळा विषय; क्लीनरलाच दुसरा ड्रायव्हर म्हणून दाखवणं ही काही गुप्त गोष्ट नव्हती. पण निदान कागदावर तरी नियमाने मान्य केलं होतं की माणसाला झोप लागते. दुसरा माणूस म्हणजे फक्त झोपेची सोयही नव्हे. ‘तू आज वेगळाच बोलतोयस, गाडी मला दे’ हे सांगणारा तोच. २०१८ मध्ये ही दोन ड्रायव्हरची अट काढून टाकली गेली.

त्याच वर्षी, मे महिन्यात, मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू झाला. तो मात्र खरोखर मोठा बदल आहे. रस्त्यावर सापडलेल्या आजारी माणसाला आता पोलिसांनी ‘पकडायचं’ नाही, संरक्षणात घ्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. २४ तासांत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. उपचार मिळणं हा हक्क झाला. पण नोकरी टिकण्याबद्दल तो ट्रक ड्रायव्हरला फारसं देत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात मानसिक आजारही धरलेला होता आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढून न टाकता दुसऱ्या कामावर त्याच पगारात घ्या, असं कलम ४७ सांगत होतं. ते सरकारी आस्थापनांसाठी. एसटीचा ड्रायव्हर त्याच्या आधाराने डेपोतलं दुसरं काम मागू शकत होता. त्याच महामार्गावर शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याला डेपोच नाही.

ब्रिटनमध्ये उन्माद किंवा सायकोसिस झालेल्या ट्रक ड्रायव्हरने लायसन खात्याला कळवायचं, गाडी थांबवायची आणि साधारण १२ महिने स्थिर राहिल्यावर परत अर्ज करायचा, अशी पद्धत आहे. नियम कडक आहे, वर्षभराची कमाई जाते. पण परतीचा रस्ता लिहिलेला आहे. आपल्याकडे कलम १६ प्रमाणे आजारामुळे लायसन रद्द करता येतं किंवा डॉक्टरचा दाखला मागता येतो. किती काळ बरं राहिल्यावर पुन्हा गाडी हातात मिळेल, हे त्या कलमात नाही.

सरकारने ड्रायव्हरच्या तब्येतीकडे कधी लक्षच दिलं नाही असं नाही. नव्वदच्या दशकात एड्सची साथ आली तेव्हा ट्रकवाले आरोग्य खात्याच्या कागदांत ‘ब्रिज पॉप्युलेशन’ झाले: आजार इकडून तिकडे नेणारा पूल. ट्रक टर्मिनलवर दवाखाने आले, निरोध आले, पथनाट्यं आली. चांगलं काम झालं. पण तिथेही प्रश्न होता तो ड्रायव्हरमुळे इतरांना काय होईल याचाच. कलम १८६ चाही तोच.

१० ऑक्टोबर २०२२ ला टेलि-मानस सुरू झालं. १४४१६, चोवीस तास, मराठीतही. धुळ्याच्या बायपासवर पहाटे दोनला गाडी बाजूला लावून हा नंबर लावता येतो. गोळ्यांसाठी मात्र जिल्हा रुग्णालयाची ओपीडी गाठावी लागते. ती सकाळी उघडते, आणि सकाळी ड्रायव्हर मध्य प्रदेशात पोहोचलेला असतो.