स्मृतिभ्रंश आणि मेंदूचे स्कॅन : एका शोधाची गोष्ट

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. स्वतःचे नाव लिहितानाही ती अडखळत असे. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला प्रश्न विचारून उत्तरे टिपून ठेवली. पण तिच्या मेंदूत काय बिघडले होते, हे त्यांना दिसले १९०६ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर! मेंदू आक्रसला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींबाहेर गोळे आणि पेशींच्या आत तंतूंची गुंतवळ दिसली.

पुढे कित्येक दशके या आजाराची खात्री शवविच्छेदनानेच होत असे.

१९७१ मध्ये लंडनला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला गेला. नंतर एमआरआय आले. स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग किती आक्रसला आहे, हे त्यात कळते. शिवाय मेंदूतील गाठ, साकळलेले रक्त किंवा साचलेले पाणी हेही दिसते. विसरभोळेपणाची ही कारणे बऱ्याचदा उपचारांनी दूर करता येतात, म्हणून ती शोधणे महत्त्वाचे.

पण रचना दिसली, तरी काम कसे चालले आहे हे कसे कळणार? १९७६ मध्ये अमेरिकेत प्रथमच माणसाला किरणोत्सारी ग्लुकोज टोचून मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते पाहिले गेले. यातूनच आजचा पेट स्कॅन घडला. मात्र त्याचे चित्र धूसर असते. त्यामुळे ते सीटी किंवा एमआरआयच्या चित्रावर बसवून वाचतात. २००२ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे विशेष रसायन वापरून अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतील अमिलॉइडचे गोळे जिवंतपणीच पाहता आले.

अमिलॉइड कमी करणाऱ्या नव्या औषधांच्या वेळी ही जोडी उपयोगी पडते. गोळे घटले का, हे पेट सांगतो. औषधामुळे मेंदूला सूज किंवा रक्तस्राव झाला का, हे एमआरआय.

मात्र स्मरणशक्ती शाबूत असलेल्या काही वृद्धांच्या मेंदूतही अमिलॉइड सापडते. म्हणून केवळ स्कॅनवरून निदान होत नाही. लक्षणे आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या सोबत लागतातच.

तेव्हा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून दुर्लक्ष करू नका. तपासणीला येताना रुग्णाच्या रोजच्या सहवासातील व्यक्तीला सोबत आणा आणि जुने स्कॅनही आणा. आजार किती पुढे सरकला, हे दोन चित्रांच्या तुलनेतून अधिक स्पष्ट होते.